घरी बांधलेल्या प्रोग्रामरचे दोषनिदान

मायक्रोकंट्रोलर म्हणजे प्रक्रियक, स्मृती आणि बाहेरच्या उपकरणांशी देवाणघेवाण करणाऱ्या पिना एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर सामावणारा छोटासा संगणक होय. कारखान्यातून बाहेर पडताना त्याची फ्लॅश स्मृती, म्हणजे वीज गेल्यावरही मजकूर टिकवून धरणारी स्मृती, कोरी असते, आणि संगणकावर लिहिलेला प्रोग्रॅम त्या स्मृतीत उतरवण्यासाठी संगणक व चिप यांच्यामध्ये जे उपकरण लागते त्याला प्रोग्रामर असे म्हणतात. तयार प्रोग्रामर आज सहज विकत मिळत असले, तरी हे उपकरण घरी बांधण्याची परंपरा जगभरच्या हौशी मंडळींमध्ये आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्ये टिकून आहे. एके काळी संगणकाच्या प्रिंटर पोर्टला मोजक्या तारा आणि रेझिस्टर जोडून प्रोग्रामर तयार होत असे. लॅपटॉपमधून ते पोर्ट नाहीसे झाल्यावर घरगुती बांधणीलाही यूएसबीची वाट धरावी लागली, आणि त्याबरोबर बिघाड शोधण्याचे काम कितीतरी अधिक गुंतागुंतीचे झाले.

ही गुंतागुंत नेमकी कशातून येते हे आधी समजून घेणे आवश्यक आहे. सामान्य सर्किट बिघडते तेव्हा तपासणीचे साधन विश्वासार्ह आणि तपासली जाणारी वस्तू संशयास्पद असते. येथे मात्र तपासणीचे साधन म्हणजे प्रोग्रामर हाच नवा आणि अपरीक्षित असतो, त्याला जोडलेली चिपही अनेकदा नवी असते, आणि संगणकाच्या पडद्यावर येणारा संदेश या दोहोंतील दोषी कोण हे सांगत नाही. ‘लक्ष्य चिप उत्तर देत नाही’ हे वाक्य तुटलेल्या तारेमुळे येते तसेच चुकीच्या क्लॉकमुळे (म्हणजे चिपची चाल ठरवणाऱ्या ठोक्यांमुळे), उलट्या बसवलेल्या कनेक्टरमुळे किंवा वीज न पोहोचल्यामुळेही येते. म्हणून सुटे भाग बदलत बसणे हा निदानाचा मार्ग नव्हे. चिपकडून येणारी प्रत्येक बाइट, आणि न येणारीसुद्धा, पुरावा म्हणून वाचणे हाच खरा मार्ग आहे. घरगुती प्रोग्रामरांपैकी सर्वाधिक प्रसार झालेल्यांत गणला जाणारा यूएसबीएएसपी आणि त्याच्याकडून प्रोग्रॅम होणाऱ्या एव्हीआर कुटुंबातील चिप यांच्या आधारे हे वाचन कसे करता येते ते पाहणे सोयीचे ठरेल.

एव्हीआरची मूळ रचना नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे अल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांनी केली. ॲटमेल कंपनीने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती बाजारात आणली आणि २०१६ मध्ये ॲटमेल स्वतःच मायक्रोचिप कंपनीत विलीन झाली. यूएसबीएएसपीचा आराखडा थॉमस फिशल यांचा असून त्यात ॲटमेगा ८ ही त्याच कुटुंबातील चिप वापरलेली आहे. या चिपमध्ये यूएसबीचे हार्डवेअर मुळीच नाही. व्हिएन्नातील ऑब्जेक्टिव्ह डेव्हलपमेंट या कंपनीने तयार केलेल्या व्ही-यूएसबी या संग्रहाच्या साहाय्याने ती चिप यूएसबीचे संकेत निव्वळ सॉफ्टवेअरने वाचते आणि लिहिते. या युक्तीमुळे प्रोग्रामर अगदी स्वस्त झाला, परंतु याच युक्तीमुळे त्याचे बहुतेक नाजूक दोष जन्माला येतात.

पहिला पेच बांधणीच्या वेळीच उभा राहतो, कारण प्रोग्रामरमधील ॲटमेगा ८ हीसुद्धा कोरीच विकत मिळते आणि तिच्यात फर्मवेअर, म्हणजे प्रोग्रामर म्हणून वागण्याचा प्रोग्रॅम, भरण्यासाठी आधी दुसरा एखादा प्रोग्रामर हवा असतो. आज हा पेच बहुधा आर्दुइनो उनो बोर्डात ‘आर्दुइनो ॲज आयएसपी’ हा प्रोग्रॅम भरून सोडवला जातो. संगणकाने सिरियल पोर्ट उघडताच उनो स्वतःला रिसेट करते आणि पुन्हा आपल्या बूटलोडरमध्ये, म्हणजे नवा प्रोग्रॅम स्वीकारणाऱ्या आरंभीच्या प्रोग्रॅममध्ये, शिरते. त्यामुळे लक्ष्य चिपसाठी असलेल्या आज्ञा मधल्यामध्ये गडप होतात, आणि म्हणूनच तो प्रोग्रॅम भरून झाल्यावर उनोच्या रिसेट व ग्राउंड या पिनांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवण्याची प्रथा आहे. यानंतर आणखी एक पायरी उरते आणि नवख्यांकडून तीच सर्वाधिक वेळा विसरली जाते. ती म्हणजे फ्यूज बिट बदलण्याची. फ्यूज बिट म्हणजे चिपच्या मूलभूत सवयी ठरवणारे, फ्लॅशपासून वेगळे राखलेले बिट होत. त्यांपैकी काही बिट चिपने कोणत्या क्लॉकवर चालावे हे ठरवतात. नवी ॲटमेगा ८ तिच्या अंतर्गत १ मेगाहर्ट्‌झच्या क्लॉकवर चालते, तर यूएसबीएएसपीला बाहेरचा १२ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल लागतो. फर्मवेअर बिनचूक भरले पण फ्यूज तसेच राहिले, तर चिप प्रोग्रॅम चालवत राहते, परंतु बारापट संथ गतीने, आणि यूएसबीच्या दृष्टीने असे चालणे न चालण्यासारखेच असते.

याचे गणित सोपे आहे. यूएसबीच्या मंद प्रकारात सेकंदाला १५ लाख बिट जातात. १२ मेगाहर्ट्‌झच्या क्लॉकवर प्रत्येक बिटच्या वाट्याला चिपची केवळ ८ आवर्तने येतात, आणि तेवढ्या अवधीत सॉफ्टवेअरला बिट वाचून, तपासून, साठवून पुढच्या बिटसाठी तयार व्हावे लागते. मंद यूएसबीत दर दीड टक्क्यापर्यंतच पुढेमागे झालेला चालतो, म्हणून येथे तापमानानुसार हेलकावणारा अंतर्गत क्लॉक कामाचा नाही. क्रिस्टलच्या दोन्ही पायांना ग्राउंडशी जोडणारे २२ पिकोफॅरडच्या आसपासचे कपॅसिटर चिपलगत असावेत हा आग्रह याचमुळे धरला जातो. ब्रेडबोर्डवर लांब तारांनी जोडलेला क्रिस्टल कधी चालू होतो, कधी होत नाही, आणि असा अधूनमधून उमटणारा दोष कायमच्या दोषापेक्षा अधिक त्रासदायक असतो.

प्रोग्रामर संगणकाला जोडल्यावर ‘अपरिचित यूएसबी उपकरण’ अशी सूचना आली, की निदान उपकरण दिसले तरी, असा दिलासा अनेकांना वाटतो. हा दिलासा बहुतांशी फसवा आहे. उपकरण जोडले गेल्याचे संगणकाला कळते ते एका पुल-अप रेझिस्टरमुळे, म्हणजे एका डेटा तारेला वरच्या व्होल्टेजकडे ओढून धरणाऱ्या रेझिस्टरमुळे. यूएसबीएएसपीत हा २.२ किलोओहमचा रेझिस्टर डी-मायनस तारेवरून थेट ५ व्होल्टला जोडलेला असतो, त्यामुळे सॉकेटमधून चिप काढून घेतली तरीही संगणक उपकरण आल्याची घोषणा करतोच. त्या सूचनेने सिद्ध होते ते इतकेच की रेझिस्टर आणि एक तार जागेवर आहे. याहून अधिक माहिती लिनक्सवरील कर्नलच्या नोंदींतून मिळते. तेथे नवे उपकरण ‘लो-स्पीड’ म्हणून नोंदवले गेले तर तारा योग्य आहेत. तेच ‘फुल-स्पीड’ म्हणून नोंदवले गेले, तर डी-प्लस आणि डी-मायनस यांची अदलाबदल झाली आहे असे जवळजवळ निश्चित समजावे, कारण पुल-अप कोणत्या तारेवर आहे यावरूनच संगणक वेग ओळखतो. प्रमाणित केबलमध्ये हिरवी तार डी-प्लसची आणि पांढरी डी-मायनसची असते, पण जुन्या माउसची किंवा चार्जरची केबल कापून वापरताना रंगांवर विसंबून न राहता मल्टिमीटरने सलगता तपासणे शहाणपणाचे ठरते.

वेग बरोबर नोंदला जाऊनही उपकरणाची ओळख वाचताना चूक येत असेल, तर संशय क्रिस्टल आणि फ्यूज यांच्याबरोबरच झेनर डायोडांवर घेतला पाहिजे. चिप ५ व्होल्टवर चालते, परंतु यूएसबीच्या डेटा तारांवर वरची पातळी २.८ ते ३.६ व्होल्ट अपेक्षित असते. म्हणून दोन्ही तारांवर ६८ ओहमचे रेझिस्टर आणि ३.६ व्होल्टचे झेनर बसवून व्होल्टेज छाटले जाते. झेनरवर छापलेले व्होल्टेज एका ठराविक प्रवाहालाच खरे असते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात असूनही प्रत्यक्षात दुर्लक्षित राहते. एक वॅटच्या ३.६ व्होल्ट झेनरचे मापन सुमारे ७० मिलिअँपिअरला केलेले असते. येथे पुल-अपमधून मिळतो जेमतेम एक मिलिअँपिअर, आणि चिप तार वर खेचते तेव्हाही साधारण वीसच्या आसपास. इतक्या कमी प्रवाहाला तो झेनर ३.६ च्या बऱ्याच खाली व्होल्टेज धरतो आणि त्याची अधिक धारिता संकेताच्या कडाही बोथट करते, त्यामुळे पाव किंवा अर्धा वॅटचेच झेनर वापरावे लागतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत नुसता ‘३.६ चा झेनर’ मागितला तर एक वॅटचाही हाती पडू शकतो, आणि सर्किटमधील प्रत्येक जोड बरोबर असूनही प्रोग्रामर ओळखला जात नाही. ड्रायव्हरचा प्रश्न या सर्वांनंतर येतो आणि तुलनेने किरकोळ असतो. विंडोजवर लिबयूएसबी प्रकारचा ड्रायव्हर बसवला आणि लिनक्सवर उपकरण वापरण्याची परवानगी दिली की तो सुटतो.

येथपर्यंत प्रोग्रामरचा संगणकाकडील अर्धा भाग झाला. दुसरा अर्धा भाग लक्ष्य चिपशी बोलतो आणि ते संभाषण फार थोड्या तारांवर चालते: प्रोग्रामरकडून चिपकडे जाणारी मोसी, चिपकडून परत येणारी मिसो, प्रत्येक बिटला ठोका देणारी एससीके आणि चिपला प्रोग्रॅमिंगच्या अवस्थेत धरून ठेवणारी रिसेट; शिवाय वीज व ग्राउंड. संभाषणाची सुरुवात ठरलेली आहे. रिसेट खाली ओढून किमान २० मिलिसेकंद थांबल्यावर प्रोग्रामर चार बाइट पाठवतो, आणि षोडशमान पद्धतीत, जिच्यात ९ च्या पुढचे अंक ए ते एफ या अक्षरांनी दाखवतात, त्या एसी, ५३, ००, ०० अशा लिहिल्या जातात. चिप जागी असेल आणि तिला बिट नीट ऐकू आले असतील, तर तिसरी बाइट चालू असताना ती दुसरी बाइट, म्हणजे ५३, पोचपावतीसारखी मिसोवरून परत धाडते. ती परत आली नाही, तर रिसेटला एक छोटा वरचा स्पंद देऊन पुन्हा प्रयत्न करायचा असतो. सगळे निदान या एका बाइटभोवती फिरते, आणि संगणकावरील एव्हीआरड्यूड या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये बाइट हाताने पाठवून उत्तर पाहण्याची सोय असल्यामुळे ती बाइट प्रत्यक्ष पाहताही येते.

५३ च्या जागी काय आले यावरून बरेच काही कळते. नेहमी ०० येत असेल, तर मिसो ग्राउंडला टेकली आहे, किंवा चिप ती तार हलवतच नाही. नेहमी एफएफ येत असेल, तर मिसो वरच्या व्होल्टेजला चिकटली आहे, अथवा चिपपर्यंत न पोहोचता अधांतरी लोंबत आहे. सर्वांत बोलके उत्तर मात्र ए६ किंवा २९ हे आहे, कारण ५३ चे आठ बिट एक घर डावीकडे सरकवले तर ए६ मिळते आणि एक घर उजवीकडे सरकवले तर २९. असे उत्तर आले याचा अर्थ चिप जिवंत आहे, तारा बरोबर आहेत, फक्त एससीकेवर एखादा ठोका जास्त किंवा कमी मोजला गेला आहे; अशा वेळी ग्राउंडची तार आखूड व जाड करणे, एससीके इतर तारांपासून दूर नेणे आणि चिपच्या वीजपिनांलगत १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर बसवणे एवढ्यानेच काम होते. चिपची ओळख सांगणाऱ्या तीन बाइटही असाच पुरावा देतात. ॲटमेगा ८ ची ओळख १ई, ९३, ०७ अशी आहे, त्यातील १ई हे ॲटमेलचे चिन्ह. ती प्रत्येक वाचनात बदलत असेल, तर दोष चिपमध्ये नसून वीज, ग्राउंड किंवा वेग यांत शोधावा.

चिप पूर्णपणे बाजूला काढूनही प्रोग्रामरची परीक्षा घेता येते, आणि ती घेण्याची सवय फार थोड्यांना असते. प्रोग्रामरच्या मोसी व मिसो या दोन तारा एकमेकींना जोडल्या, तर पाठवलेले सर्व काही जसेच्या तसे परत यायला हवे. एसी, ५३, ००, ०० पाठवले तर तेच चार आकडे परत दिसतात. सॉफ्टवेअर या वेळीही अपयशच जाहीर करील, कारण तिसऱ्या जागी त्याला ५३ हवे असते आणि मिळते ००. परंतु परत आलेल्या बाइट पाहणाऱ्याला हे अपयशच सांगते की यूएसबी, फर्मवेअर, मोसी आणि मिसो हा अख्खा मार्ग शाबूत आहे आणि आता संशय एससीके, रिसेट, वीज किंवा लक्ष्य चिप यांच्यापुरताच उरला आहे. साधन आणि वस्तू दोन्ही संशयास्पद असण्याचा जो मूळ पेच वर सांगितला, तो सोडवण्यासाठी याहून स्वस्त युक्ती क्वचितच असेल.

घरगुती बांधणीत एक चूक इतकी नेहमीची आहे, की तिची खूण लक्षात ठेवणे उपयोगी पडते. दहा पिनांच्या प्रचलित कनेक्टरमध्ये मोसी १, वीज २, रिसेट ५, एससीके ७ आणि मिसो ९ या क्रमांकांवर असून ४, ६, ८ व १० हे ग्राउंड असतात. व्हेरोबोर्डच्या तांब्याच्या बाजूने डाग देताना आकृती आरशातल्यासारखी उलटी होते, हे विसरले की विषम आणि सम ओळींची अदलाबदल होते, आणि मग रिसेट, एससीके व मिसो तिन्ही थेट ग्राउंडवर येतात, तर चिपच्या वीजपिनेवर मोसी. परिणामी मिसोवर अखंड ०० दिसते, जे वरवर पाहता मेलेल्या चिपचे लक्षण वाटते.

वीज न मिळताही चिप अर्धवट जागी होण्याचा प्रकार याच्याशी संबंधित आहे. प्रत्येक पिनेत संरक्षणासाठी डायोड असतात. वीजपिन तुटलेली असली तरी एखाद्या संकेताच्या तारेवरील ५ व्होल्ट त्या डायोडमधून आत झिरपतात आणि चिप कशीबशी चालू होते, कधी ओळखही बरोबर सांगते, आणि फ्लॅश लिहिताना अधिक प्रवाह लागताच कोलमडते. म्हणून प्रोग्रामरच्या टोकाला नव्हे, तर प्रत्यक्ष चिपच्या पायांवर मल्टिमीटर लावून व्होल्टेज मोजावे. ॲटमेगा ८ च्या २८ पायांच्या रूपात वीज ७ व २० या पायांवर आणि ग्राउंड ८ व २२ या पायांवर असते, आणि या चारही पिना जोडणे आवश्यक असते.

सर्व तारा बिनचूक असूनही नव्या चिपकडून उत्तर न येण्याचे प्रमुख कारण वेग हे आहे. चिप एससीकेचे ठोके स्वतःच्या क्लॉकच्या मापाने ओळखते, त्यामुळे एससीके तिच्या क्लॉकच्या चौथ्या हिश्श्याहून मंद असावी लागते. १ मेगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या चिपसाठी ही मर्यादा २५० किलोहर्ट्‌झ येते आणि यूएसबीएएसपीचा मूळ वेग ३७५ किलोहर्ट्‌झ आहे. याच कारणासाठी त्याच्या आराखड्यात एक जंपर ठेवलेला आहे, जो लावला की वेग सुमारे ८ किलोहर्ट्‌झवर येतो. एव्हीआरड्यूडमधील बिट-क्लॉकच्या पर्यायानेही तेच साधते. जुन्या फर्मवेअरवर ‘एससीकेचा अवधी बदलता येत नाही’ असा इशारा दिसतो, तो घाबरण्याजोगा नसतो. एवढेच, की तेथे जंपरच वापरावा लागतो. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी आणि पदविका अभ्यासक्रमांत दीर्घकाळ शिकवल्या गेलेल्या ८०५१ कुटुंबातील एटी८९एस५२ ही चिपही याच चार बाइटने जागी होते, परंतु तिचे नियम वेगळे आहेत: तिची रिसेट खाली नव्हे तर वर धरावी लागते, पोचपावती म्हणून चौथ्या जागी ६९ येते, एससीके क्रिस्टलच्या सोळाव्या हिश्श्याच्या आत ठेवावी लागते, आणि अंतर्गत क्लॉक नसल्यामुळे क्रिस्टलवाचून ती बोलूच शकत नाही. एव्हीआरसाठी बांधलेल्या प्रोग्रामरला ती चिप जोडून तो बिघडला असा निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे ठरते.

फ्यूज बिट बदलल्यानंतर अचानक मुकी झालेली चिप हे या विषयातील सर्वांत भीतीदायक प्रकरण मानले जाते, पण बहुतेक वेळा ती मेलेली नसते. या बिटांची रीत अशी आहे की ० म्हणजे निवडलेला आणि १ म्हणजे न निवडलेला. ही उलटी रीत लक्षात न घेता आकडे भरले की बाहेरच्या क्लॉकवर चालण्याची सक्ती होते आणि बाहेर क्रिस्टल नसतो. क्लॉकवाचून चिप एकही बिट ऐकू शकत नाही. अशा चिपच्या एक्सटाल-१ या पिनेवर, ॲटमेगा ८ मध्ये ती नवव्या पायावर असते, दुसऱ्या एखाद्या मायक्रोकंट्रोलरकडून १ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा चौकोनी संकेत दिला आणि मंद वेगाचा जंपर लावला, की ती पुन्हा उत्तर देऊ लागते व फ्यूज दुरुस्त करता येतात. रिसेटची पिन साधी पिन म्हणून वापरण्याचा बिट निवडला गेला असेल तर मात्र हा उपाय चालत नाही, कारण संभाषण सुरू करण्याची तारच उरलेली नसते. तेव्हा रिसेटच्या पायावर १२ व्होल्ट देऊन समांतर पद्धतीने प्रोग्रॅमिंग करणारे वेगळे सर्किट बांधावे लागते, आणि त्याद्वारे चिप पुसून ॲटमेगा ८ च्या खालच्या फ्यूजमध्ये ई१ व वरच्या फ्यूजमध्ये डी९ ही कारखान्यातील मूल्ये परत लिहावी लागतात. त्यानंतर तीच चिप पुन्हा यूएसबीएएसपीला जोडून, मंद जंपर लावलेला ठेवून, फ्यूज वाचून पाहावेत. ई१ आणि डी९ हेच आकडे परत आले तर चिप आणि प्रोग्रामर दोन्ही ठीक आहेत, आणि मग चिपला १२ मेगाहर्ट्‌झच्या क्रिस्टलसह यूएसबीएएसपीचे काम द्यायचे असेल तर खालच्या फ्यूजमध्ये ईएफ व वरच्या फ्यूजमध्ये सी९ लिहायला हरकत नाही.